पिल्लू मलूल दिसले, तर आधी काय पाहावे? सातारा-सांगलीतील कोंबडीच्या पिल्लांचे आजार आणि शुश्रूषा

कोंबडीचे एक दिवसाचे पिल्लू जेमतेम ४० ग्रॅम वजनाचे असते. अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. बाहेर गारठा पडला तर अंगातली उष्णता धरून ठेवणे त्याला जमत नाही. ती क्षमता पूर्णपणे यायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे या वयातले पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभे दिसले, की पहिला प्रश्न ‘कोणते औषध द्यायचे?’ हा नसतो. त्याला ऊब पुरेशी मिळते आहे का, पाणी त्याच्या पोटात गेले आहे का आणि त्याच्या पायाखालची गादी कोरडी आहे का, हे तीन प्रश्न आधी येतात.

प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते. पिल्ले मरू लागली की दुकानातून प्रतिजैविकाची बाटली येते, ती पाण्यात मिसळली जाते आणि बल्ब मात्र तेवढ्याच उंचीवर लटकत राहतो. पहिल्या आठवड्यातील मर बहुतेक वेळा उबवणी केंद्रातील त्रुटी, वाहतुकीतला ताण, गारठा, जास्त उष्णता किंवा तहान यांमुळे होते. यांपैकी एकाही कारणावर प्रतिजैविकाचा उपयोग नाही.

दोन जिल्हे, तीन हवामाने

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कोंबडीपालनाचे सगळे प्रकार दिसतात. विटा परिसरात अंड्यांसाठीच्या मोठ्या पोल्ट्री आहेत. अनेक गावांत कंपन्यांच्या करारावर ब्रॉयलर वाढवणाऱ्या शेड आहेत. डोंगरी वाड्यांत अजूनही डालग्याखाली खुडूक कोंबडी बसवली जाते. वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित जातींची एक दिवसाची पिल्ले घेऊन परसात वाढवणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. २०१९ मध्ये इस्लामपूर परिसरातून पसरलेला कडकनाथ पालनाचा घोटाळा उघड झाला, तेव्हा पूर्वी कधी कोंबडी न पाळलेल्या अनेकांच्या दारात पक्षी होते आणि खाद्य येणे बंद झाले होते. पैशांचा प्रश्न पोलिसांत आणि न्यायालयात गेला, पण पक्षी जगवायचे कसे हा प्रश्न शेतकऱ्यांच्या अंगणातच उरला.

पिल्लांच्या आजारांच्या दृष्टीने या पट्ट्याचे वैशिष्ट्य वेगळेच आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या भागांत तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. अंतर शे-दोनशे किलोमीटरचे, पण पिल्लांसाठी जग बदलते. जावळी, पाटण, शिराळा या पश्चिमेकडच्या तालुक्यांत पावसाळ्यात गादी ओली राहते. त्यामुळे रक्ती हगवण आणि बुरशीचे आजार बळावतात. पूर्वेकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये पिल्ले धापा टाकतात, पाण्याची टाकी तापते आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी लशीला व औषधाला मारक ठरू शकते. मधल्या कृष्णाकाठी डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन आणि पहाटे गारठा असा खेळ चालतो. म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या पाहुण्याने सांगितलेला उपाय जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

ऊब मोजायची ती पिल्लांकडे पाहून

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी कमी करत नेतात. थर्मामीटर जरूर लावावा, पण खरे मोजमाप पिल्लेच दाखवतात. सगळी बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून बारीक आवाजात ओरडत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. सगळी कडेला जाऊन पंख पसरून चोच उघडी ठेवत असतील, तर उष्णता जास्त आहे. एकाच बाजूला गर्दी असेल, तर दुसऱ्या बाजूने वारे येते आहे. विखुरलेली, काही खाणारी, काही झोपलेली आणि आवाज मंद असलेली पिल्ले ठीक असतात.

दुसरी सोपी कसोटी हाताची. पिल्लू उचलून त्याचे पाय गालाला लावावेत. पाय गार लागले, तर पिल्लू आतून गारठलेले आहे. गारठलेले पिल्लू खात नाही, न खाल्ल्याने अंगात उष्णता तयार होत नाही आणि मग ते आणखी गारठते. या चक्रात सापडलेली पिल्ले तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतात. तोवर गारठ्याची ती रात्र कोणाच्या लक्षातही नसते, आणि ‘काल तर बरी होती’ असे म्हटले जाते.

बल्बची एक नवी अडचण गेल्या काही वर्षांत उभी राहिली आहे. ब्रूडरसाठी दर पिल्लामागे एक ते दोन वॅट हा हिशेब जुन्या तारेच्या, पिवळ्या बल्बचा आहे. एलईडी बल्ब उजेड भरपूर देतो, पण ऊब जवळजवळ देत नाही. गावातल्या दुकानात आता पिवळा बल्ब सहज मिळत नाही, म्हणून घरातला एलईडी लावला जातो आणि उजेडात पिल्ले गारठून मरतात. त्याऐवजी इन्फ्रारेड बल्ब किंवा गॅसवरचा ब्रूडर वापरावा. वीज जाण्याची शक्यता असेल तिथे कोळशाची शेगडी किंवा बुखारी तयार ठेवावी. मात्र कोळसा बाहेर पेटवून धूर गेल्यावरच आत आणावा आणि पडद्याची वरची फट उघडी ठेवावी. सगळे पडदे घट्ट लावून आत शेगडी ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने पूर्ण गट एका रात्रीत जाऊ शकतो. त्या खोलीत झोपणाऱ्या माणसालाही तोच धोका असतो.

खुडूक कोंबडी हाताशी असेल, तर हे सगळे सोपे होते. एका कोंबडीखाली दहा-बारा पिल्ले सहज राहतात. बाहेरून आणलेली एक-दोन दिवसांची पिल्ले रात्री अंधारात तिच्या पंखाखाली सरकवली, तर बहुतेक कोंबड्या सकाळी त्यांना आपलीच मानतात. दिवसा उजेडी तसे केले, तर टोचून मारण्याची भीती असते.

पहिला अर्धा तास

एखादे पिल्लू आजारी दिसल्यावर त्याला गटातून वेगळे काढावे. दोन कारणे: आजार पसरू नये आणि इतर पिल्लांनी त्याला टोचू किंवा तुडवू नये. पुठ्ठ्याच्या खोक्यात तूस किंवा कोरडे फडके अंथरून एका बाजूला ऊब द्यावी. दुसरी बाजू थोडी थंड राहू द्यावी, म्हणजे पिल्लाला जागा निवडता येते. अगदी गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब आणि मग पाणी द्यायचे. खाद्य सर्वांत शेवटी. गारठलेल्या पिल्लाचे पचन जवळपास थांबलेले असते.

पाणी कोमट असावे. पिल्लाच्या चोचीचे टोक त्यात हलकेच बुडवले की ते स्वतः मान वर करून गिळते. चोच उघडून ड्रॉपरने घशात पाणी सोडणे टाळावे. पिल्लाच्या जिभेमागेच श्वासनलिकेचे तोंड असते. पाणी तिथे गेले, तर ज्याला वाचवायचे तेच पिल्लू गुदमरते. ड्रॉपर वापरायचाच असेल, तर चोचीच्या कडेला एकेक थेंब ठेवावा.

प्रवासातून आलेल्या किंवा मलूल पिल्लांना गुळाचे किंवा साखरेचे पाणी देण्याची पद्धत चांगली आहे, पण ती पहिल्या दिवसापुरती. गूळपाणी जास्त दिवस दिले, तर हगवण लागते आणि उन्हाळ्यात ते काही तासांत आंबते. म्हणून थोडे थोडे करावे आणि भांडे धुऊन पुन्हा भरावे. मिठाचा अंदाज मात्र हाताने घेऊ नये. लहान पिल्लांना जास्त मीठ सहन होत नाही आणि मीठ वाढल्यानेही मर होते. पक्ष्यांसाठीची इलेक्ट्रोलाइट पावडर पाकिटावरच्या प्रमाणात वापरणे सुरक्षित ठरते.

नवी पिल्ले आल्यावर पहिल्या रात्री एक तपासणी आवर्जून करावी. छातीच्या वरच्या बाजूला, मानेच्या बुडाशी अन्नपिशवी असते. दहा-वीस पिल्लांची ती बोटांनी हलकेच चाचपावी. ती भरलेली आणि मऊ लागली, तर पिल्लाने खाद्य व पाणी दोन्ही घेतले आहे. कडक लागली, तर खाद्य मिळाले पण पाणी मिळालेले नाही. रिकामी असेल, तर पिल्लाला खाद्य सापडलेलेच नाही. अशी पिल्ले जास्त निघाली, तर कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरावा, भांडी उजेडाजवळ आणावीत आणि काही पिल्लांच्या चोची पाण्यात बुडवून द्याव्यात. बाकीची पाहून शिकतात.

वय सांगा, आजाराचा अंदाज येतो

पशुवैद्यक पहिला प्रश्न वयाचा विचारतात. पिल्लांच्या आजारांना बऱ्याच अंशी दिवस ठरलेले असतात.

पहिल्या चार-पाच दिवसांत पोट फुगलेले, बेंबी ओली किंवा काळपट, अंगाला कुजका वास अशी लक्षणे असतील, तर तो बेंबीचा संसर्ग असतो. अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते. पुढचे दोन-तीन दिवस हीच त्याची शिदोरी असते, म्हणून पिल्लांची पेटी लांबचा प्रवास करू शकते. बेंबी नीट मिटली नाही किंवा उबवणी यंत्र अस्वच्छ असले, की त्या बलकात जिवाणू वाढतात. अशी पिल्ले क्वचितच वाचतात. एकाच गटात ती जास्त निघाली, तर पिल्लांच्या पुरवठादाराला लगेच कळवावे आणि मेलेली पिल्ले तपासणीसाठी द्यावीत. घरी अंडी उबवणाऱ्यांनी मळलेली अंडी कोंबडीखाली न ठेवणे हाच यावरचा उपाय.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खडूसारखी पांढरी, चिकट विष्ठा आणि सलग मर दिसली, तर साल्मोनेला जिवाणूमुळे होणाऱ्या पांढऱ्या हगवणीचा संशय घेतात. हा आजार मुख्यतः आजारी कोंबडीच्या अंड्यातून पिल्लात येतो. बरी झालेली पिल्ले पुढे वाहक राहतात, त्यामुळे त्यांची अंडी उबवायला ठेवू नयेत. मात्र विष्ठेची जागा नुसती बुजली असेल, तर दर वेळी हा आजार नसतो. गारठा, प्रवास, जास्त उष्णता यांनीही विष्ठा पिसांना चिकटून वाळते आणि मागचा मार्ग बंद होतो. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस धरून ती मऊ करावी, ओढू नये. पुसून कोरडे करून थोडे खोबरेल तेल लावावे आणि पिल्लू उबेत ठेवावे. बेंबीवरची खपली थोडी पुढे, पोटाकडे असते. तिला विष्ठा समजून ओढल्याने पिल्ले दगावतात.

आवाज न करता मान लांबवून श्वास घेणारी, एक-दोन आठवड्यांची पिल्ले दिसली, तर गादीचा वास घ्यावा. भिजून वाळलेले तूस किंवा बुरशी धरलेला भुसा असेल, तर बुरशीचे बीजाणू फुप्फुसात जातात. यावर परिणामकारक औषध जवळपास नाही. गादी बदलणे आणि बुरशी लागलेला मका फेकून देणे एवढेच हाती असते. पावसाळ्यात स्वस्तात मिळालेला ओला मका पिल्लांना घालणे शेवटी महागात पडते.

पाय दोन बाजूंना फाकलेले पिल्लू बऱ्याचदा गुळगुळीत वर्तमानपत्रावर घसरून तसे झालेले असते. दोन्ही पाय मऊ पट्टीने चालता येईल एवढ्या अंतरावर बांधून तीन-चार दिवस ठेवले आणि खाली खडबडीत फडके घातले, तर लवकर लक्षात आलेली पिल्ले सुधारतात. बोटे आत वळलेली असतील, तर ‘ब’ जीवनसत्त्वाची (रायबोफ्लेविनची) कमतरता असू शकते.

रक्ती हगवण: पावसाळ्यातला मोठा शत्रू

तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले अंग चोरून, पिसे फुलवून उभी राहतात, खाणे कमी होते आणि गादीवर लालसर किंवा रक्तमिश्रित विष्ठा दिसते. हा कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीचा आजार. पश्चिमेकडच्या तालुक्यांत जुलै-ऑगस्टमध्ये परसातल्या पिल्लांचे सर्वाधिक नुकसान करणाऱ्या आजारांपैकी हा एक.

त्याचे चक्र समजून घेण्यासारखे आहे. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून परजीवीची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. बाहेर पडताक्षणी ती निरुपद्रवी असतात. ओलावा, ऊब आणि हवा मिळाली, की एक-दोन दिवसांत ती रोगकारक बनतात. दुसऱ्या पिल्लाने गादी टोचली की ती पोटात जातात आणि एका अंड्यापासून हजारो नवी तयार होतात. म्हणजे खरा निर्णय त्या एक-दोन दिवसांत गादीवर होतो. गादी कोरडी असेल, तर परजीवी पोटात गेले तरी थोडेच जातात आणि पिल्लांमध्ये हळूहळू प्रतिकारशक्ती येते. ओली असेल, तर अख्खा गट एकदम आजारी पडतो.

फिनेलने हे परजीवी मरत नाहीत. त्यामुळे शेडला फिनेलचा वास मारत असला, तरी आजार थांबत नाही. उपयोगी पडतात ती साधी कामे: पाण्याच्या भांड्याखाली विटा किंवा जाळी ठेवणे, भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढणे, गादी रोज खालीवर करणे आणि पावसाचा शिडकावा येतो त्या बाजूला गोणपाटाचा पडदा लावणे. ओलावा तपासायला मूठभर गादी घट्ट दाबावी. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर गादी जास्त ओली आहे. थोडी एकत्र राहून मग भुगा झाली, तर ठीक. लगेच धूळ उडाली, तर जास्तच कोरडी आहे.

औषधात अँप्रोलियम सर्वाधिक वापरले जाते. ते पाण्यातून देतात, कारण आजारी पिल्लू खाणे सोडते पण पाणी काही काळ पिते. त्याची मात्रा आणि दिवस पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावेत. हे औषध थायामिन या जीवनसत्त्वाची नक्कल करून परजीवीला उपाशी मारते. म्हणून औषध चालू असतानाच ‘ताकद यावी’ म्हणून थायामिन असलेले जीवनसत्त्वाचे टॉनिक पाण्यात घातले, तर औषधाचाच परिणाम कमी होतो. टॉनिक औषधाचे दिवस संपल्यावर द्यावे.

मानमोडी आणि गंबोरो

रानीखेत या आजाराला गावाकडे मानमोडी म्हणतात. १९२६ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ त्याची नोंद झाली, म्हणून जगभर तो न्यूकॅसल डिसीज या नावाने ओळखला जातो. १९२७ च्या सुमारास कुमाऊँमधील रानीखेत येथे तो आढळला आणि भारतात तेच नाव रूढ झाले. हिरवट पातळ हगवण, चोच उघडून श्वास, पंख-पायांत लुळेपणा आणि वाकडी झालेली मान ही त्याची लक्षणे. विषाणूजन्य असल्याने त्यावर औषध नाही. लसीकरण न झालेल्या परसातल्या कोंबड्यांमध्ये तो एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत पसरतो. बाजारातून आणलेला कोंबडा आणि पाहुण्यांकडून आलेली भेटीची कोंबडी हे त्याचे नेहमीचे वाहन.

मान वाकडी दिसली म्हणजे मानमोडीच, असेही नाही. जुने, खवट वास येणारे खाद्य खाल्लेल्या पिल्लांमध्ये ‘ई’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे मान फिरते आणि तोल जातो. अशा वेळी श्वासाचा त्रास व हिरवी हगवण सहसा नसते. हा फरक लक्षात आला, तर खाद्य बदलून काही पिल्ले वाचतात.

गंबोरो हा दुसरा विषाणूजन्य आजार. अमेरिकेतील डेलावेअर राज्यातल्या गंबोरो गावाजवळ तो आढळला आणि १९६२ मध्ये त्याचे पहिले वर्णन झाले. तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले अचानक सुस्त होतात, पांढरट पातळ हगवण होते, काही पिल्ले स्वतःच्याच विष्ठेच्या जागी टोचतात. मर तीन-चार दिवस चढते आणि मग उतरते. ती आपोआप उतरत असल्याने त्या दिवशी चालू असलेल्या औषधाला श्रेय मिळते. खरी मदत होते ती भरपूर स्वच्छ पाण्याची, इलेक्ट्रोलाइटची आणि उबेची. वाचलेल्या पिल्लांची प्रतिकारशक्ती मात्र दुबळी होते, त्यामुळे पुढचे काही आठवडे दुसरे आजार सहज लागतात.

लस: वेळ, थंडावा आणि टीसीएल

साधारण वेळापत्रक असे असते. मरेक्स या आजाराची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात देतात. पाचव्या ते सातव्या दिवशी रानीखेतची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो, चौथ्या आठवड्यात लासोटाची पुन्हा मात्रा, सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस आणि त्यानंतर अंड्यांसाठी ठेवायच्या तलंगांना रानीखेतची आर-टू-बी लस. स्थानिक परिस्थितीनुसार पशुवैद्यक यात बदल करतात. राज्य सरकारची लसनिर्मिती संस्था औंध येथे आहे, पण ते पुण्याचे औंध, साताऱ्यातील संस्थानाचे औंध नव्हे.

लस फुकट जाण्याची कारणे नेहमीची आहेत. कुपी दोन ते आठ अंशांत राहायला हवी. दुकानातून घरी येईपर्यंत ती बर्फाच्या डब्यात नसेल, तर आत फक्त रंगीत पाणी उरते. पातळ केलेली लस दोन तासांत संपवावी. ती पाण्यातून द्यायची असेल, तर त्या पाण्यात टीसीएल पावडर नको. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवंत लशीचा विषाणू मारून टाकते. म्हणून आदल्या दिवसापासून टीसीएल नसलेले पाणी वापरावे आणि लशीच्या पाण्यात लिटरला पाच-सहा ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळावी. क्लोरीनचा अंश राहिला असेल, तर ती तो निष्प्रभ करते.

परसातल्या पालकांची अडचण निराळी. कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची आणि घरात पिल्ले बारा. फोडलेली कुपी उद्यासाठी ठेवता येत नाही. वाडीतल्या सगळ्या घरांनी एकच दिवस ठरवून पशुधन पर्यवेक्षकाला बोलावले, तर खर्चही वाटला जातो आणि शेजारच्या खुराड्यातून आजार येण्याचा मार्गही बंद होतो. आजारी पिल्लांना लस देऊ नये. लासोटा दिल्यावर दोन-तीन दिवस पिल्ले हलकेच शिंकली, तर घाबरण्याचे कारण नाही. ती लशीची प्रतिक्रिया असते आणि त्यासाठी प्रतिजैविक लागत नाही.

प्रतिजैविक कधी?

जिवाणूंमुळे होणाऱ्या काही आजारांत ते लागतेच, पण कोणते आणि किती दिवस हे तपासणीनंतर ठरायला हवे. ‘येताच पाच दिवसांचा कोर्स’ देण्याच्या सवयीने औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात आणि ते माणसांपर्यंत पोहोचतात. याच कारणाने केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत वापरण्यावर बंदी घातली. माणसांच्या गंभीर संसर्गात ते शेवटच्या काही उपायांपैकी एक आहे. औषध दिलेल्या पक्ष्यांचे मांस आणि अंडी ठरावीक दिवस विकता वा खाता येत नाहीत. तो कालावधी लेबलावर छापलेला असतो आणि सर्वांत कमी वाचला जातो.

मेलेले पिल्लू हाच पुरावा

गटात रोज मर वाढत असेल, तर वर्णनापेक्षा शवविच्छेदन अधिक सांगते. नुकतीच मेलेली दोन-तीन पिल्ले पिशवीत, बर्फासोबत पण गोठू न देता, आणि आजारी पण जिवंत दोन-तीन पिल्ले वेगळी, बर्फाशिवाय, काही तासांत पोहोचवावीत. रात्री मेलेले आणि दुपारी उन्हातून नेलेले पिल्लू कुजल्याने काहीच सांगत नाही. सोबत पिल्लांचे वय, कुठून आणली, किती होती, रोज किती मेली, कोणती लस व औषध दिले हे कागदावर लिहून न्यावे. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना हे पहिले ठिकाण. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पुण्याच्या औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

कावळे किंवा इतर पक्षीही मरत असतील, किंवा एक-दोन दिवसांत मोठ्या प्रमाणावर अचानक मर झाली असेल, तर पिल्ले हाताळू नयेत, विकू नयेत आणि लगेच पशुसंवर्धन विभागाला कळवावे. भारतात बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही तो आढळला. अशा आजाराचे निदान भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत निश्चित होते.

सगळीच पिल्ले वाचत नाहीत, आणि सगळी वाचवण्याचा प्रयत्न गटाला घातकही ठरू शकतो. दोन-तीन दिवस ऊब, पाणी देऊनही न उठणारे, श्वासासाठी तडफडणारे पिल्लू पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेदना न देता संपवणे हा अनेकदा योग्य निर्णय असतो. मेलेली पिल्ले ओढ्यात, उकिरड्यावर किंवा कुत्र्यांपुढे टाकू नयेत. विहीर-बोअरपासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. आजारी पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. लहान मुलांना पिल्लू तोंडाजवळ नेऊ देऊ नये, कारण साल्मोनेलाचे काही प्रकार माणसालाही आजारी पाडतात. आठवडी बाजारात आणि जत्रेत विकली जाणारी गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले बहुधा अंड्यांच्या जातीचे नको असलेले नर असतात. गारठलेली, लस न मिळालेली ही पिल्ले हौसेने घरच्या गटात सोडणे टाळावे.

नवा गट आणण्यापूर्वी जुनी गादी पूर्ण काढावी, जमीन घासून धुवावी, वाळू द्यावी, चुना मारावा आणि शेड किमान दोन आठवडे रिकामी ठेवावी. काढलेली गादी शेडच्या दारातच ढीग करून ठेवली, तर हे सगळे कष्ट वाया जातात. ती लांब नेऊन झाकून कुजवली, तर ढिगातल्या उष्णतेने बरेचसे रोगजंतू मरतात आणि पुढच्या हंगामात शेताला चांगले खत मिळते.